तळलेल्या पनीरचे सॅलड : हॉटेलातली बशी आता घरी

लग्नाचा बस्ता, मुलांचे कॉलेजातील प्रवेश, दवाखाना, कोर्टकचेरी, असे काही ना काही कारण निघते आणि घरातील माणसांना शहरात जावे लागते. दुपारची जेवणवेळ टळली म्हणजे मग हॉटेल गाठावे लागते. पूर्वी मिसळ किंवा राइसप्लेटवर भागत असे. आता बरोबरची शिकलेली मुले मेनूकार्ड वाचून ‘चीज सॅलड’ मागवतात. येते ती एक मोठी पांढरी बशी. तिच्यात हिरवा पाला, काकडी-टोमॅटोच्या फोडी, त्यांवर आंबटगोड रस आणि सगळ्यांत वर चीजचे किंवा पनीरचे चार-पाच सोनेरी तळलेले तुकडे. चव चांगली असते, यात वाद नाही. पण बिल आले की घरची बाई मनातल्या मनात हिशेब मांडू लागते. काकडी आपल्या वाफ्यात, टोमॅटो आपल्या रानात, दूध आपल्या गोठ्यात; मग एवढे पैसे कशाचे?

हॉटेलवाल्याला जागेचे भाडे आहे, नोकरांचे पगार आहेत, तेव्हा त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु ज्या घरात दुभते जनावर आहे आणि बांधावर चार भाज्या आहेत, त्या घराला ही बशी घरी करणे मुळीच अवघड नाही. दोन लिटर दूध, काही तासांचा वेळ आणि थोडी हातोटी एवढेच भांडवल लागते. ते कसे, हे या लेखात सविस्तर पाहू.

हा पदार्थ मूळचा कुठला?

तळलेले चीज आणि कच्चा पाला ही जोडी भूमध्य समुद्राकाठच्या देशांची. ग्रीसमध्ये चीजचा जाड काप पिठात घोळवून तेलात तळतात आणि गरम असतानाच त्यावर लिंबू पिळतात. दोन कानांच्या ज्या लहान पसरट भांड्यात तो तळतात त्याचे नाव ‘सागानाकी’. तेच नाव पदार्थालाही पडले आहे. त्याच समुद्रात पूर्वेकडे सायप्रस नावाचे बेट आहे. तेथील ‘हलूमी’ हे चीज जगभरच्या हॉटेलांतील अशा सॅलडमध्ये वापरले जाते.

हलूमी हे मुळात मेंढपाळ आणि शेतकरी घरांतले खाणे. मेंढी व शेळीचे दूध रेनेट नावाच्या द्रव्याने घट्ट करायचे, तयार झालेला चोथा दाबून त्याच्या वड्या करायच्या आणि त्या वड्या त्याच दुधाच्या निवळीत पुन्हा शिजवायच्या, अशी त्याची रीत आहे. नंतर मीठ आणि पुदिन्याची पाने लावून वडीची घडी घालतात व ती मिठाच्या पाण्यात ठेवतात. अशी खारवलेली वडी बरेच महिने टिकते. आता त्यात गाईचे दूधही मिसळतात. उन्हाळ्यात तेथील लोक कलिंगडाच्या गार फोडीबरोबर हलूमी खातात. २०२१ साली युरोपीय संघाने ‘हलूमी’ हे नाव सायप्रससाठी राखून ठेवले. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना किंवा सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, तसाच हा प्रकार.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. सायप्रस आणि ग्रीसच्या गावरान सॅलडमध्ये जो पाला पडतो, त्यात मांसल पानांची, चवीला आंबूस अशी एक भाजी असते. ती म्हणजे आपली घोळ! खुरपणीत आपण जी उपटून बांधावर टाकतो, तीच तिकडे बशीत मानाने बसते. तेव्हा ‘सॅलड’ हा शब्द परका असला, तरी त्यातील जिनसा आपल्याला परक्या नाहीत. एकाच प्रकारच्या कष्टकरी घरांचे हे खाणे, फक्त देश वेगळा.

पनीरच का घ्यायचे?

हलूमी मोठ्या शहरांतील निवडक दुकानांत मिळते आणि महाग असते. डब्यातले किंवा चौकोनी वड्यांचे प्रोसेस्ड चीज तव्यावर टाकले तर वितळून चिकटते. त्याचे तुकडे राहत नाहीत. पनीर मात्र तव्यावर आपला आकार सोडत नाही. आत मऊ राहते आणि बाहेर खरपूस होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वितळणाऱ्या चीजमध्ये दुधातील प्रथिनांची जाळी उष्णतेने सैल होऊन वाहू लागते. पनीर करताना आपण दूध उकळीच्या जवळ नेतो आणि मग त्यात आंबट घालतो. त्या उष्णतेने निवळीतील प्रथिनेही मुख्य प्रथिनांना चिकटून बसतात, आणि आंबटामुळे जाळीतील चुना म्हणजे कॅल्शियम बरेचसे निघून जाते. अशी बसलेली जाळी पुन्हा तापवली तरी वाहत नाही. हलूमी न वितळण्याचे कारण थोडे निराळे आहे. त्यात आंबट घातलेले नसते, कॅल्शियम जागच्या जागी राहते आणि वडी गरम निवळीत शिजून घट्ट होते. वाटा दोन असल्या तरी तव्यावरचा परिणाम एकच.

फरक आहे तो चवीचा. हलूमी खारट आणि चिवट, तर पनीर अळणी आणि मऊ. ही उणीव भरून काढायची युक्ती पुढे दिली आहे.

पनीर घरी करण्याची रीत

पाच माणसांसाठी म्हशीचे ताजे दूध २ लिटर घ्यावे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त असल्याने लिटरला सुमारे २०० ग्रॅम पनीर पडते. गाईच्या दुधाचे लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास पडते आणि ते अधिक मऊ असते, म्हणून तळताना जरा जपावे लागते. नुकत्याच व्यालेल्या जनावराचा चीक यासाठी चालत नाही. त्याचा खरवसच करावा. जनावराला प्रतिजैविकाची इंजेक्शने चालू असतील, तर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत ते दूध घरातही वापरू नये आणि डेअरीलाही घालू नये.

दूध स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात तापवावे. आंबटाचा संबंध येणार असल्यामुळे बिनकल्हईचे पितळी भांडे घेऊ नये. तळाला लागू नये म्हणून उलथण्याने सारखे ढवळत राहावे. एक उकळी आली की आच बंद करावी आणि पाच-सात मिनिटे थांबावे. बुडबुडे शमले, पण वाफ मात्र येत आहे, अशी वेळ साधावी. उकळत्या दुधात आंबट ओतले तर पनीर चरबरीत होते. फार निवलेल्या दुधात ओतले तर ते गोळा न होता विसविशीत राहते.

४ रसाळ कागदी लिंबांच्या रसात तितकेच कोमट पाणी घालावे. लिंबे महाग असतील त्या दिवसांत १ लहान सपाट चमचा सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्व, दोन वाट्या कोमट पाण्यात विरघळवून घ्यावे. हे आंबट पाणी एकदम ओतू नये. थोडे थोडे घालत हलक्या हाताने ढवळावे. दुधाचा चोथा एकीकडे आणि हिरवट-पिवळी स्वच्छ निवळी दुसरीकडे झाली की लगेच थांबावे. निवळी अजून दुधाळ दिसत असेल तर आणखी थोडे आंबट घालावे. जास्त झाले तर पनीर आंबट व कडक होते.

पाच मिनिटे झाकून ठेवावे. परातीवर चाळणी, चाळणीवर स्वच्छ ओले फडके पसरून त्यात हे सारे ओतावे. निवळी मुळीच फेकू नये, ती लागणार आहे. फडक्याची चौकोनी घडी घालून ती उलट्या ताटलीवर ठेवावी आणि वर तीन-चार किलो वजन ठेवावे. पाट्याचा वरवंटा किंवा अर्धी भरलेली लहान कळशी या कामी चालते. अर्ध्या तासात वडी बसते. मग फडक्यातून काढून ती माठातल्या किंवा फ्रिजमधल्या गार पाण्यात तासभर बुडवून ठेवावी म्हणजे सुरीने कापताना भुगा होत नाही.

आता मघाशी सांगितलेली युक्ती. वडीचे करंगळीच्या जाडीचे लांबट काप करावेत. दोन मोठ्या वाट्या निवळी कोमट करून तिच्यात २ लहान चमचे मीठ आणि चुरडलेला पुदिना घालावा व हे काप त्यात अर्धा तास बुडवावेत. पनीर आतपर्यंत खारवते आणि हलूमीच्या चवीच्या पुष्कळ जवळ जाते. नंतर काप काढून कोरड्या फडक्यावर पसरावेत व वरूनही टिपून घ्यावेत. ओले पनीर तेलात सोडले की तेल अंगावर उडते. हे टिपण्याचे काम चुकवू नये.

हिरवा पाला आणि फोडी

हॉटेलात लेट्यूस नावाचा पाला वापरतात. पुणे-नाशिककडच्या काही शेतांत तो पिकतोही, पण त्यावाचून अडत नाही. आपल्या रानात जे कोवळे आणि कुरकुरीत असेल तेच घ्यावे. मेथीची कोवळी पाने, कांद्याची पात, मुळ्याचा कोवळा पाला, हरभऱ्याचे शेंडे आणि करडईची कोवळी पाने आपण भाकरीबरोबर कच्ची खातोच. ती सगळी सॅलडमध्ये शोभतात. घोळीचे कोवळे शेंडे दोन मुठी घातले तर तिची आंबूस चव तळलेल्या पनीरला फार छान जुळते.

घोळ खुडताना मात्र तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्या रानात किंवा बांधावर तणनाशक मारलेले नाही ना, याची शेत सांभाळणाऱ्याकडे चौकशी करावी. दुसरी, घोळीसारखेच जमिनीसरपट पसरणारे दुसरे एक तण असते. त्याची काडी मोडली की पांढरा चीक येतो. घोळीच्या काडीतून चीक येत नाही. शंका आली तर घरातील जाणत्या बाईला दाखवावे. तिसरी, ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी घोळ बेतानेच खावी.

पाच जणांसाठी सर्वसाधारण प्रमाण असे धरावे: कोवळा पाला ४ मुठी, काकड्या २, घट्ट लाल टोमॅटो ३, कांदा १, ढोबळी मिरची १, मोडाची वाफवलेली मटकी किंवा उकडलेले हरभरे १ वाटी, थोडी कोथिंबीर आणि पुदिना, भाजलेले शेंगदाणे अर्धी वाटी, भाजलेले तीळ २ लहान चमचे. मिळाले तर मूठभर डाळिंबाचे दाणे.

कोशिंबिरीला आपण सगळे बारीक चोचवतो, दाण्याचे कूट घालतो, वरून फोडणी देतो. सॅलडच्या फोडी घासाएवढ्या मोठ्या ठेवतात. टोमॅटोचे आठ भाग, काकडीचे जाड तिरके काप, कांद्याच्या लांब पाकळ्या, अशी चिराचिरी करावी. चिरलेला कांदा दहा मिनिटे गार पाण्यात टाकला तर त्याचा उग्रपणा जातो. टोमॅटोतील फार पाणचट गर काढून आमटीत टाकावा.

पाला कच्चा खायचा असल्यामुळे स्वच्छतेकडे विशेष लक्ष द्यावे. तीन पाण्यांतून धुवावा आणि शेवटचे पाणी उकळून गार केलेले असावे. सांडपाण्यावर वाढलेला पाला कच्चा खाऊ नये, मग तो कितीही हिरवागार दिसो. भाजीवर औषध फवारले असेल, तर फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची ते बाटलीच्या लेबलावर छापलेले असते. ते दिवस विक्रीच्या मालासाठी पाळायचे, तसेच घरच्या तोडणीसाठीही पाळायचे. धुतल्याने वरची धूळ-माती जाते, पानात भिनलेले औषध जात नाही. धुतलेला पाला फडक्यात गुंडाळून झटकून कोरडा करावा. ओल्या पानावर तेलाचा रस बसत नाही, खाली ओघळतो.

वरून घालायचा रस

या रसाला हॉटेलात ‘ड्रेसिंग’ म्हणतात. त्यात दोनच मुख्य गोष्टी असतात, तेल आणि आंबट. तिकडे ऑलिव्हचे तेल वापरतात. आपल्याकडे सोलापूर आणि मराठवाड्यात चटणीवर करडईचे कच्चे तेल घेऊन खाण्याची पद्धत जुनीच आहे. तेच तेल येथे उत्तम लागते. घाण्याचे शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेलही चालते.

तेल ४ मोठे चमचे, लिंबाचा रस २ मोठे चमचे, मध किंवा काकवी १ लहान चमचा, मोहरीची पूड अर्धा लहान चमचा, ठेचलेल्या लसणाच्या २ पाकळ्या, मिरपूड आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड चवीपुरती, मीठ पाव ते अर्धा लहान चमचा. हे सर्व घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून खूप हलवावे. तेल आणि आंबट एरवी वेगळे होतात. मोहरीच्या पुडीमुळे ते काही काळ एकजीव राहतात. पनीर खारवलेले आहे हे लक्षात ठेवून मीठ हात राखून घालावे.

हा रस अगदी वाढायच्या वेळीच घालावा. मीठ लागले की काकडी-टोमॅटो पाणी सोडतात आणि पाला मलूल होतो. कोशिंबिरीला पाणी सुटते ते याच कारणाने.

तळणे आणि वाढणे

या कामाला लोखंडी तवा सर्वांत चांगला. तो चांगला तापू द्यावा, मग दोन मोठे चमचे तेल घालावे. पनीरच्या कापांना ज्वारीचे किंवा तांदळाचे पीठ अगदी हलके लावून जास्तीचे झटकून टाकावे. पिठामुळे वरचे कवच कुरकुरीत होते आणि गाईच्या दुधाचे मऊ पनीरही मोडत नाही. काप तव्यावर एकमेकांना न लागता ठेवावेत आणि दोन मिनिटे त्यांना मुळीच हलवू नये. घाईने उलटवले तर वरचा पापुद्रा तव्यालाच राहतो. खालची बाजू सोनेरी झाली की काप आपोआप सुटतो. मग उलटवून दुसरी बाजूही तशीच करावी.

फार वेळ तळू नये. पनीरमधील पाणी निघून गेले की ते रबरासारखे चिवट होते. भाजीसाठी तळलेले पनीर आपण मऊ राहावे म्हणून मिठाच्या गरम पाण्यात टाकतो. सॅलडसाठी तसे करायचे नाही, कारण येथे कुरकुरीतपणाच हवा आहे.

पनीर तव्यावर असतानाच परातीत पाला, फोडी आणि मटकी एकत्र करून वर रस घालावा व दोन हातांनी हलकेच वरखाली करावे. बशीत पाला-फोडी, त्यावर पनीरचे गरम काप, वर तीळ, शेंगदाणे आणि डाळिंबाचे दाणे. गार पाला आणि गरम पनीर एकाच घासात आले पाहिजे, त्यातच या पदार्थाची सगळी मजा आहे. जोडीला ज्वारीची भाकरी किंवा तव्यावर भाजलेला पाव असला की संध्याकाळचे हलके जेवण होते.

ऋतू बदलेल तसा बदल

उन्हाळ्यात सायप्रसच्या लोकांप्रमाणे कलिंगडाच्या फोडी, पुदिना आणि किसलेली थोडी कैरी घालावी. कैरी घातली तर लिंबू कमी करावे. पावसाळ्यात पाल्यावर चिखल व किडी फार असतात, तेव्हा कच्चा पाला कमी करून उकडलेले मक्याचे दाणे आणि काकडी यांवर भर द्यावा. हिवाळ्यात तर चंगळच असते. गाजर, मुळा, हरभऱ्याचे शेंडे, पेरूच्या फोडी, विदर्भातील घरी संत्र्याच्या सोललेल्या फोडी. बीट घातल्यास ते वेगळे ठेवून शेवटी घालावे, नाहीतर सारी बशी लाल होते.

निवळीचे काय करावे?

दोन लिटर दुधातून दीड लिटरच्या आसपास निवळी निघते. तिचा हिरवट-पिवळा रंग ‘ब’ गटातील रिबोफ्लेव्हिन या जीवनसत्त्वाचा असतो. दुधातील साखर आणि काही क्षारही तिच्यात उतरतात. चपातीची कणीक तिने मळली तर चपात्या मऊ होतात. आमटीत, भातात, कढीत ती पाण्याऐवजी घालता येते. खारवण्यासाठी वापरलेली निवळी पिठात किंवा आमटीत घातली तर वेगळे मीठ घालताना अंदाज घ्यावा. उरलेली बिनमिठाची निवळी जनावरांच्या आंबोणात थोडी थोडी मिसळावी.

विकतचे पनीर घेताना

घरी दूध नसेल तर पनीर विकत घ्यावे लागते. ते घेताना डोळे उघडे ठेवावेत. वनस्पती तेल आणि दूध पावडर वापरून पनीरसारख्या दिसणाऱ्या वड्या बाजारात येतात. त्यांच्या वेष्टनावर ‘अ‍ॅनालॉग’ असा शब्द असतो. सुट्ट्या मालावर तोही दिसत नाही. अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे पनीरमध्ये पाण्याचा अंश शेकडा ६० पेक्षा जास्त नसावा आणि पाणी वगळून उरणाऱ्या भागात दुधाचा स्निग्धांश निदान निम्मा असावा. हे घरी मोजता येत नाही, पण पीठ मिसळले आहे का, हे मात्र पाहता येते. पनीरचा तुकडा पाण्यात उकळावा, निवल्यावर त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळाकाळा रंग आला तर पिष्टाची भेसळ आहे असे समजावे आणि तो तुकडा टाकून द्यावा. रंग आला नाही म्हणजे माल शुद्धच आहे, असे मात्र म्हणता येत नाही. तेलाची भेसळ या परीक्षेत उघडी पडत नाही. म्हणून घरच्या दुधाचे पनीर ते घरचेच.

हिशेब आणि आहार

खर्चाचा आकडा प्रत्येक गावी वेगळा, तेव्हा तो ज्याचा त्याने काढावा. म्हशीचे ५ लिटर दूध म्हणजे १ किलो पनीर. आपल्या डेअरीच्या ताज्या पावतीवरील दराने ५ लिटरचे पैसे मांडावेत आणि शेजारी दुकानातील किलोभर पनीरची किंमत लिहावी. त्याखाली हॉटेलात एका बशीला दिलेले पैसे लिहावेत. त्या बशीत पनीर किती होते, हेही आठवावे. आपल्या दोन लिटरमध्ये पाच जणांना प्रत्येकी ८० ग्रॅमच्या आसपास पनीर येते. कागदावर हे तीन आकडे शेजारी शेजारी आले की वेगळे सांगावे लागत नाही. संकलन बंद असेल किंवा दर पडलेला असेल त्या दिवशी तर जादा दुधाचे पनीर करणे हा सरळ शहाणपणाचा मार्ग आहे.

पण पैशाइतकाच दुसराही हिशेब आहे. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे आपल्या एका वाटणीत दोन अंड्यांहून अधिक प्रथिने मिळतात. वाढत्या मुलांना, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना, दिवसभर राबणाऱ्या माणसाला यांची गरज असते. किती तरी घरांत पहाटे उठून धार काढणारी बाई स्वतः मात्र पाणीदार चहावर दिवस काढते. सगळी चरवी डेअरीला जाते आणि घरातल्या लेकरांना उरलेसुरले.

दुधात लोह मात्र जवळजवळ नसते, हेही सांगितले पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५७ स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. नुसते पनीर खाऊन ही उणीव भरणार नाही. म्हणूनच वर मटकी किंवा हरभरे, तीळ आणि हिरवा पाला सुचवला आहे. लिंबातील आणि कच्च्या टोमॅटोतील ‘क’ जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी त्या चालू ठेवाव्यात आणि दुधाबरोबर घेऊ नयेत. मधुमेह असलेल्यांनी मध-काकवी वगळावी, रक्तदाब असलेल्यांनी पनीर खारवू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. हा पदार्थ करून ठेवण्याजोगा नाही. पनीर निवले की चिवट होते, पाल्याला पाणी सुटते आणि सारी रया जाते. पुरुष आणि मुले आधी जेवून उठायची आणि घरच्या बाईने मागाहून उरलेले खायचे, ही रीत येथे चालत नाही. म्हणून फोडी चिरायला मुलांना बसवावे, रसाची बाटली घरधन्याच्या हाती द्यावी, शेवटचे काप तव्यावरून उतरले की आच बंद करावी आणि सगळ्यांनी एका वेळी पंगतीला बसावे. सासूबाईंनी ‘हा कसला पालापाचोळा?’ असे विचारलेच, तर त्यांच्याच बशीत घोळीचे शेंडे जरा जास्त वाढावेत. त्यांनी ती भाकरीबरोबर कच्ची खाल्लेली असेल, आणि ती कुठल्या बांधावर चांगली येते हेही त्याच सांगतील.

येत्या रविवारी डेअरीच्या कॅनमध्ये दूध ओतण्याआधी दोन लिटर बाजूला काढून ठेवावे. आठवड्यातून एक वेळ एवढे दूध घरासाठी राहिले, तर पावतीवर फारसा फरक दिसणार नाही. घरातल्या माणसांच्या अंगी मात्र ते नक्की लागेल.